अतिगोपनीय भूगोल

सकाळी सव्वादहाला इंटरनेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला, आणि सर अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले. अर्धवट हा शब्द तसा बरोबर नाही, कारण ते अंघोळ करतच नव्हते. न्हाणीघरात बादली उपडी घालून, तिच्यावर लॅपटॉप ठेवून, ते लहानशा स्टुलावर बसले होते. बाहेर संशय येऊ नये म्हणून नळ तेवढा सोडून ठेवला होता. गेले दोन महिने सरांच्या अशा कोरड्या अंघोळी चालल्या होत्या. कधी दीड तास, कधी दोन. टाकी भलत्या वेळी रिकामी व्हायची आणि सरांचे केस मात्र कोरडेच असायचे. असं का, हा प्रश्न त्यांच्या बायकोने अजून तोंडाने विचारला नव्हता. मनात किती वेळा विचारला असेल, ते सांगता येत नाही.

भानगड अशी होती की सर दहावीच्या परीक्षेचा भूगोलाचा पेपर काढत होते.

सत्तावीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. पोरं त्यांना पाठीमागे 'अक्षांश' म्हणत, कारण ते कुठल्याही गोष्टीत आडवेच जात. सरांना हे ठाऊक होतं, आणि अक्षांश आडवे असतात एवढं तरी पोरांच्या डोक्यात शिरलं याचं त्यांना समाधानच होतं. पण या सत्तावीस वर्षांत परीक्षा मंडळाने पेपर काढायला त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. गणिताचे मास्तर आपल्याला दोनदा बोलावलं होतं म्हणून सांगत. तसं सांगायला सक्त बंदी असते, त्यामुळे त्यांना कधीच बोलावलेलं नाही हे सरांनी तेवढ्यावरूनच ओळखलं होतं. यंदा मात्र खरंखुरं पत्र आलं. त्यावर 'अतिगोपनीय' असा जांभळा शिक्का होता आणि सोबत शपथपत्र. 'ही नेमणूक मी कोणासही, कुटुंबीयांसही, कळू देणार नाही.' सरांनी 'कुटुंबीयांसही' या शब्दाखाली स्वतःच्या पेनाने एक जादा रेघ मारली आणि मगच सही केली. एवढा मोठा मान मिळावा आणि तो सांगायला जगात एक माणूस असू नये, हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. पहिला आठवडाभर ते दाढी करताना आरशाला सांगत होते.

पेपर मंडळाच्या संकेतस्थळावर थोडा थोडा लिहून जतन करायचा आणि सगळा झाला की 'सादर करा' हे बटण दाबायचं, अशी रीत होती. चार प्रश्न जतन झाले होते. पाचवा, सरांचा लाडका, अजून शर्टाच्या खिशात घडी घातलेल्या कागदावर होता. तो घडवायला त्यांना तीन आठवडे लागले होते. आज शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचची मुदत, आणि डब्याचा दिवा लाल.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. आधी वाजंत्री वाजली, मग एका आवाजाने सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पुन्हा वाजंत्री. शेवटी एक जिवंत माणूस आला.

"अठ्ठेचाळीस तासांत आमचा माणूस येईल."

"मला पाचच्या आत हवंय."

"कुठल्या कामासाठी, सर?"

सरांनी फोन ठेवून दिला. गोपनीयतेवर असा समोरून हल्ला होईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अहो, माझा फोन घ्या ना," बायको म्हणाली. ती रुग्णालयात केसपेपर काढायच्या खिडकीवर कामाला होती आणि आज तिची सुट्टी होती. "त्याचं नेट लॅपटॉपला देता येतं. खिडकीवरचं बंद पडलं की आम्ही तसंच करतो."

"नको."

"का नको?"

"तुझा फोन तुझा आहे. त्यात मी कसा हात घालू?"

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला. हे आज सुचलं?"

सरांची अडचण निराळी होती. इंटरनेट म्हणजे नळाच्या पाण्यासारखं काहीतरी असतं, आणि ज्या फोनमधून ते जातं त्याच्या तळाशी थोडा गाळ राहतोच, अशी त्यांची समजूत होती. उद्या बायको फोनमधले फोटो बघायला बसेल आणि भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोंमागून प्रश्न दुसरा, उपप्रश्न ब, डोकं वर काढेल. मग शपथेचं काय राहिलं?

"त्या लॅपटॉपमध्ये आहे तरी काय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही ते पाठवायला एवढी धडपड?"

यावर सरांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते चिडले. उत्तर नसलं की चिडायचं, ही पद्धत त्यांनी वर्गात चांगली पारखून घेतली होती. पण घरात तिचा उपयोग होत नाही. बायको नुसती त्यांच्या कोरड्या केसांकडे बघत राहिली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर खाली आले. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि इमारतीत कुणाचं काही अडलं की त्यांना वास येतो असं लोक म्हणत. शाळेत जाऊन काम करावं, हा विचार सरांनी आधीच निकालात काढला होता. शाळेला सुट्टी होती, पण तिथला संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि त्या खोलीत गणिताचे मास्तर सुट्टीतही सदानकदा पेन मागायला हजर.

"वाचनालयात जा की," पोस्टमास्तर म्हणाले. "तिथे फुकट वायफाय आहे. सगळी पोरं तिथेच पडलेली असतात."

सरांना एकदम हायसं वाटलं. पण पोस्टमास्तर अर्धा सल्ला देणाऱ्यांपैकी नव्हते.

"फक्त एक आहे," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. "तसलं सार्वजनिक वायफाय म्हणजे पोस्टकार्ड. पाकीट नव्हे. कार्ड ज्याच्या ज्याच्या हातातून जातं तो वाचतो. मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली. सगळी कार्डं वाचली."

"सगळी?"

"वेळ असायचा. या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला लोकांच्या आधी कळायचं. आणि मी तर सज्जन माणूस. माझ्या साडूचं ऐका. विमानतळावर बसला, फुकट म्हणून वायफाय घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने त्याच्या सगळ्या नातेवाइकांना पत्रं गेली की मी परदेशात अडकलोय, मदत करा."

"मग नातेवाइकांनी काय केलं?"

"काही नाही. साडूचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे जाऊ की नको?"

"जा म्हणून सांगणं माझं काम, आणि गेल्यावर काय होईल तेही सांगणं माझंच काम. बसताना भिंतीला पाठ लावून बसा. कीबोर्डवर रुमाल टाका. पासवर्ड टाकताना ओठ हलवू नका."

मंडळाच्या सूचनापत्रात कलम अकरा होतं, 'सार्वजनिक वायफायचा वापर कटाक्षाने टाळावा.' सरांनी ते तीनदा वाचलं. 'टाळावा' म्हणजे 'करू नये' असं नव्हे, असा अर्थ त्यांनी काढला. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असा अर्थ काढला असता तर सरांनी तिथे लाल गोल केला असता. पण साडेअकरा वाजले होते, आणि साडेअकराला माणूस जो विचार करतो तो सव्वादहाच्या विचारापेक्षा उदार असतो.

लॅपटॉप अंघोळीच्या पंच्यात गुंडाळून, तो पंचा कापडी पिशवीत घालून, वर दोन वर्तमानपत्रं अंथरून सर निघाले. चालताना त्यांना पाठीवर काहीतरी जाणवत होतं. औषधांच्या दुकानाच्या काचेत बघितलं तर मागे पोस्टमास्तर. सर डावीकडे वळले. थोड्या वेळाने सायकलच्या दुकानातल्या आरशात बघितलं तर पोस्टमास्तर, आणि ते सायकलच्या घंटीत रस असल्यासारखं करत होते. छत्तीस वर्षं दुसऱ्याची पत्रं वाचणारा माणूस, सकाळपासून आपल्या मागावर, आणि वाचनालयात जा म्हणून सुचवणाराही तोच. त्यांनी बँकेला वळसा घातला, एका जिन्यावर दोन मजले चढून उतरले, आणि दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लावून, घामाघूम होऊन वाचनालयात पोचले.

वाचनालय पोरांनी गच्च भरलं होतं, आणि त्यातली निम्मी सरांचीच. सर दिसताच ती उभी राहिली. खुर्च्या सरकल्याचा आवाज सगळ्या दालनात घुमला, वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. सरांनी हातानेच 'बसा बसा' केलं. ज्या मुलांसाठी पेपर काढला त्याच मुलांच्या घोळक्यात बसून तो पाठवायचा, म्हणून ते आडोसा शोधू लागले.

जिन्याखाली जुन्या नकाशांच्या कपाटाआड एक बाक होता. सर भिंतीला पाठ लावून तिथे बसले. लॅपटॉप उघडला. कीबोर्डवर रुमाल टाकला, पण मग अक्षरं दिसेनात, म्हणून रुमाल काढून पंचा डोक्यावरून पुढे ओढून लॅपटॉपसकट स्वतःला झाकून घेतलं. सर्दीचा वाफारा घेतल्यासारखं ते दिसत असावं, कारण एक मुलगी हळूच येऊन "सर, पाणी आणू का?" असं विचारून गेली.

पंच्याच्या आत पडद्यावर दोन नावं आली. एक 'वाचनालय'. दुसरं 'वाचनालय जलद'. घड्याळात पावणेएक. अशा वेळी जलद सोडून नुसतं घेणारा माणूस सर्व पृथ्वीवर सापडणार नाही. सरांनी जलद घेतलं. लगेच एक देखणं पान उघडलं. वर वाचनालयाच्या इमारतीचं चित्र, खाली दोन चौकटी. आपला ईमेल, आपला पासवर्ड. सरांना बरं वाटलं. ज्या दारावर पहारेकरी ओळख विचारतो, ते दार चांगलं, असा त्यांनी विचार केला. नुसतं 'वाचनालय' काहीच विचारत नसेल तर ते केवढं बेजबाबदार. त्यांनी मंडळाने दिलेला ईमेल टाकला आणि मंडळाचा पासवर्ड टाकला. दुसरा पासवर्ड त्यांच्याकडे नव्हताच. ओठ अजिबात हलवले नाहीत.

चक्र फिरलं. पान पुन्हा कोरं झालं. सरांनी पुन्हा टाकला. पुन्हा कोरं. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक अक्षर जोर देऊन टाकलं. काही नाही. ते पंचा खांद्यावर घेऊन ग्रंथपालांकडे गेले.

"तुमचं ते जलद चालत नाहीये."

ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. "जलद? आमच्याकडे जलद काहीच नाही."

"तिथे लिहिलंय, वाचनालय जलद."

"लिहिलं असेल कुणीतरी. आमचं एकच आहे, आणि त्याला पासवर्ड टाकावा लागत नाही. माझ्याकडून चिठ्ठी घ्यावी लागते. तिच्यावर आकडे असतात."

"मग चिठ्ठी द्या."

"सभासद आहात?"

"नाही."

"दोन फोटो लागतील, पत्त्याचा पुरावा लागेल, आणि ओळखीच्या सभासदाची सही." ग्रंथपाल फॉर्म काढत म्हणाले. "चिठ्ठी मात्र लगेच. फार तर परवा."

पण सर ऐकत नव्हते. 'कुणीतरी' या शब्दापाशी ते अडकले होते. कुणीतरी म्हणजे कोण? ते पान कुणाचं होतं? आणि त्या पानाला आपण तीनदा, एकेक अक्षर जोर देऊन, काय सांगून आलो? ते वळले, तर वर्तमानपत्रांच्या घोडीमागे पोस्टमास्तरांचे बूट.

"या बाहेर," सर म्हणाले. आवाज वर्गातला लागला आणि पाच-सहा पोरं उगाचच उभी राहिली. "सकाळपासून माझ्या मागे आहात. ते जलद तुमचंच ना?"

"कसलं जलद?" पोस्टमास्तर बाहेर आले. चेहरा शरमिंदा झाला होता. "अहो, मला वहिनींनी पाठवलंय."

"वहिनींनी?"

"रडत होत्या. म्हणाल्या, दोन महिने हे न्हाणीघरात कोंडून घेतात. आवाज येऊ नये म्हणून पाणी सोडतात. लॅपटॉपमध्ये काहीतरी लपवतात. रिपोर्ट असणार. त्यांना काहीतरी मोठं झालंय आणि मला सांगत नाहीयेत. रुग्णालयात काम करतात हो त्या, त्यांना असली माणसं रोज दिसतात. म्हणाल्या, कुठल्या डॉक्टरकडे जातात तेवढं बघून या. तुम्ही जिना चढलात तेव्हा मला वाटलं तिथेच दवाखाना."

तुम्ही चूक समजताय, असं म्हणावं तर बरोबर काय ते सांगावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "संगणक दुरुस्त करणारी ती बाई दुपारी दुकान उघडं ठेवते का?"

ती ठेवत होती. दुकान कोपऱ्यावर, एका गाळ्याचं. बाईच्या समोर एक पंखा आणि तीन लॅपटॉप पोट उघडून पडलेले होते. हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर न ठेवता तिने सगळं ऐकून घेतलं. सरांनी कशासाठी ते सांगितलं नाही, काय झालं तेवढं सांगितलं.

"कुणीतरी पिशवीत एक छोटा डबा घेऊन बसतं, सर," ती म्हणाली. "त्याला वाचनालयाच्या नावासारखं नाव देतं. लोक जोडून घेतात. मग पान दाखवायचं, पासवर्ड मागायचा. गळाला मासे लागतात."

"मी भिंतीला पाठ लावली होती," सर म्हणाले.

"पाठीमागून कोण बघतंय? तुम्ही समोरूनच दिलंत. घरी कुणाचा मोबाईल नव्हता? घरच्यांच्या मोबाईलवरून केलं असतं तर त्याहून बरं काही नव्हतं."

पोस्टमास्तर म्हणाले, "वहिनी देत होत्या." आणि सरांनी बघताच ते पंख्याकडे बघू लागले.

बाईने स्वतःच्या तारेच्या इंटरनेटवर मंडळाचं संकेतस्थळ उघडून दिलं. सरांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर तांबडी पट्टी आली. 'या खात्यात दुसऱ्या ठिकाणाहून काम सुरू आहे.'

"हे दुसरं ठिकाण तुमचंय?" तिने विचारलं.

"मला दुसरं ठिकाणच नाही," सर म्हणाले.

"आधी पासवर्ड बदला. म्हणजे तो जो कोण आहे तो बाहेर फेकला जाईल. तुमच्या मोबाईलवर आकडा येईल."

सरांचा मोबाईल बटणांचा. आकडा येईना. दहा मिनिटं तिघं त्या एवढ्याशा पडद्याकडे वाकून बघत होते. मग बाईच्या लक्षात आलं की संदेशांची पेटी भरलेली आहे. मोबाईल कंपनीने पाठवलेला एकही संदेश सरांनी आजवर पुसला नव्हता, अधिकृत पत्रव्यवहार म्हणून. त्यांनी एक संदेश पुसला. त्या जागेत लगेच आला तो आकडा नव्हता, त्यांच्या आवडीची गाणी ऐकायची सोय आता उपलब्ध असल्याची बातमी होती. तो पुसला. पुन्हा गाणी. असं करत करत सव्वातीनला आकडा मिळाला, पासवर्ड बदलला, तांबडी पट्टी गेली.

समोर पेपर होता. चार प्रश्न जसेच्या तसे, मात्रावेलांटीसकट. पाचव्याची जागा मोकळी. तेव्हा बाईच्या ध्यानात सगळं आलं असावं. तिने खुर्ची गर्रकन भिंतीकडे वळवली. "मी काही बघितलं नाही, सर," ती भिंतीला म्हणाली. पोस्टमास्तरांनीही पाठ केली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी समोर आलेलं काही वाचलं नाही.

सरांनी खिशातला कागद काढला. मग आधी खालचं वाचावं म्हणून खाली गेले. 'सादर करा' या बटणाच्या वर एक चौकोन होता आणि त्याच्यापुढे वाक्य होतं. 'मी जाहीर करतो की ही प्रश्नपत्रिका माझ्याखेरीज कोणीही पाहिलेली नाही.' चौकोनात बरोबरची खूण करायची, की झालं.

पंखा फिरत होता. साडेतीन झाले, पावणेचार झाले. सर एकदा उठून दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. तो जो कोण होता त्याला कशाला हवा भूगोल? त्याला बँक हवी असणार. त्याने पान उघडलं असेल, खडकांचे प्रकार बघितले असतील आणि कंटाळून दुसऱ्याकडे गेला असेल. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा असंच. आणि कुणाला कळणार आहे? दोन माणसं भिंतीकडे तोंड करून बसली आहेत. सत्तावीस वर्षांनी एकदा आलेली गोष्ट. एक खूण केली की ती आपली, आणि परीक्षेच्या दिवशी दोन तास लाखो पोरं आपली वाक्यं वाचत बसतील.

पण या माणसाने सत्तावीस वर्षांत कुणाला अर्धा गुण उगाच दिला नव्हता. पोरं रडली, आईबाप घरी येऊन गेले, एकदा शाळेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता, तरी दिला नाही. आता तो स्वतःला कसा देणार? सरांना स्वतःची फार कीव आली. त्यांनी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली आणि मंडळाचा नंबर लावला.

"कशाबद्दल बोलायचंय?" मंडळाच्या फोनवरची बाई म्हणाली.

"ते सांगता येणार नाही."

"मग मी फोन कुणाला जोडू?"

"ज्यांना सांगता येईल त्यांना."

"ते कोण?"

"तेही सांगता येत नाही."

"सर, तक्रारींसाठी एक दाबा, निकालासाठी दोन."

सरांनी एक दाबला. तिथल्या माणसाने त्यांना तीनवर पाठवलं, तीनने चहाला गेलेल्या साहेबांच्या टेबलावर पाठवलं, तिथे फोन वाजत राहिला. फोन तीनदा तुटला. चौथ्यांदा सर कळवळून म्हणाले, "बाई, अतिगोपनीय. जांभळा शिक्का," आणि पलीकडे एकदम शांतता झाली. मग एक जाड, सावकाश आवाज आला.

"गोपनीय विभाग. बोला."

सरांनी सगळं सांगितलं. न्हाणीघर, पंचा, जलद, सगळं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता.

"तुमचा संच रद्द करतो," आवाज म्हणाला. "राखीव संच आहे, तो घेऊ."

"पुढच्या वर्षी माझी..."

"असं झालं की त्या शिक्षकाला पुन्हा बोलावत नाहीत. नियम आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "कळवलंत ते बरं केलंत. बरेच जण कळवत नाहीत."

"साहेब, एक विचारू? आता मी पेपर काढणारा राहिलो नाही. मग घरी सांगितलं तर चालेल का?"

पलीकडचं पेन थांबलं.

"सांगा," आवाज म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही."

सर घरी आले तेव्हा पाचला दहा कमी होते. टेबलावर एक कोरी फाईल ठेवलेली होती आणि तिच्यावर त्यांचं नाव बायकोच्या गोल अक्षरात. तिने दुसऱ्या दिवशीची मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. तिचे डोळे सुजले होते. सर समोर बसले आणि कुठून सुरू करावं ते न कळून मधूनच सुरू केलं.

ती ऐकत राहिली. मध्ये एकदा म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?" सर नाही म्हणाले. पुढे आणखी एकदा, "नक्की?" नक्की म्हटल्यावर ती उठून आत गेली, आणि आत बराच वेळ नळ वाहत राहिला. सर बाहेर नुसते बसून राहिले. दोन महिने आपण न्हाणीघराबाहेरच्या माणसाला काय ऐकवत होतो, ते त्यांना तेव्हा कळलं.

ती तोंड धुऊन बाहेर आली. "वाचा," म्हणाली.

"काय?"

"पेपर. माझ्यापासून लपवलात ना? मग आता मला वाचून दाखवा."

पेपर सरांना तोंडपाठ होता. त्यांनी घसा साफ केला आणि उभे राहिले, कारण सूचना बसून वाचायची त्यांना सवय नव्हती. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. ती उत्तरं देत गेली. खडकांच्या प्रकारात अडली, वाऱ्यांची दिशा उलटी सांगितली, सरांनी तिथल्या तिथे समजावून दिलं आणि दोन गुण कापले. तिने वाद घातला नाही. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला रांग कशी संपवायची ते माहीत असतं.

मग त्यांनी खिशातला कागद काढला. चार प्रश्न त्या कुण्या परक्या माणसाने बघितले असतील. पण हा कुठेच गेला नव्हता.

"प्रश्न पाचवा," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला, आणि तसा तो झाल्याचं त्यांनी लपवलं नाही. "नकाशात काय दाखवलेलं नसतं, ते पाच ओळींत लिहा. गुण पाच."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर पोरं घरी परतत होती.

"घरी कोण काळजी करत बसलंय, ते दाखवलेलं नसतं," ती म्हणाली.

सर कागदाकडे बघत राहिले. प्रश्न घडवायला लागलेल्या तीन आठवड्यांत त्यांना स्वतःला हे उत्तर सुचलं नव्हतं.

"चार," शेवटी ते म्हणाले.

"एक कुठे गेला?"

"पाच ओळी मागितल्या होत्या. तू एकच दिलीस."

उरलेल्या चार ओळी तिने त्यांना उभं ठेवूनच ऐकवल्या. एकेक ओळ बरीच लांब होती, आणि नकाशाचा त्यांत कुठेही संबंध नव्हता. सरांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी कागदाच्या कडेला पाचपैकी पाच लिहिले आणि खाली सही केली.